नावाआधीचा शब्द

सापगाव,
२७ डिसेंबर २००७

चि. प्रशांत,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे. तू बरा असशील. मुरबाडला आपल्यापेक्षा थंडी जास्त पडते. शेखरभाऊंच्या बंगल्याच्या गच्चीवर झोपत असशील तर कानाला काहीतरी बांधत जा. लहानपणापासून तुझा उजवा कान थंडीत ठणकतो, हे तिथे कोणाला माहीत नसणार.

भात झोडून झालं. वाल फुलावर आलाय. दीप्तीची डी.एड.ची परीक्षा जवळ आली आहे, ती पहाटे उठून मोठ्याने पाठ करते आणि आजी तिच्याबरोबर जागी होऊन तिला शिव्या देते. माझ्या अंगणवाडीत नवा वजनकाटा आला, पोरं त्यात बसायला रडतात. बाकी नवीन काही नाही.

तुला दोन वेळा फोन केला. दोन्ही वेळा कोणी दुसऱ्यानेच उचलला. "दादा मीटिंगमध्ये आहेत" म्हणाला. मी म्हटलं, मी त्याची आई बोलते. तर म्हणाला, "हो काकू, निरोप देतो." म्हणून पत्र लिहायला बसले. बुधूची जीप रोज किन्हवलीवरून मुरबाडला येते. तुझ्याच हातात देईन असं तो बोललाय.

परवा शहापूरला पक्षाचा मेळावा झाला. तू आला नाहीस. का आला नाहीस ते मी विचारत नाही.

सोडतीत आपला पंचायत समितीचा गण अनुसूचित जातीला निघाला त्या दिवसापासून बाबांची चाल बदलली होती. आपल्या भागात जागा निघतात त्या बहुतेक आदिवासींच्या. आपली एखादी, तीही कधी, याचा भरवसा नाही. पुन्हा निघेल तेव्हा बाबा काठी टेकत असतील. तीस वर्षं त्यांनी पक्षाच्या भिंती रंगवल्या. सगळे म्हणत होते, आता पेंटरचाच नंबर. देवरामशेट किराणा बांधता बांधता म्हणाला, "काय सभापती, साखर किती देऊ?" बाबा लाजले. एवढा पन्नाशीला आलेला माणूस लाजला, मी बघितलं.

त्यांनी भिंती आधीच धरून ठेवल्या होत्या. तू त्यांच्याबरोबर डबा धरून फिरलेला आहेस, तुला रीत माहीत आहे. चुना मारायचा, निशाणी काढायची, घोषणा लिहायची आणि उमेदवाराच्या नावाची पट्टी कोरी सोडायची. नाव वरून शेवटच्या दिवशी येतं, मग भरायचं. सापगावपासून पार डोळखांबच्या पाड्यांपर्यंत त्यांनी अशा कोऱ्या पट्ट्या सोडून ठेवल्या. एकदा जेवताना म्हणाले, "महेंद्र दोंदे. पाच अक्षरं. बसतंय बरोबर, मी मापलंय."

मेळाव्याच्या आधी निरोप आला, नीट कपडे घालून या, स्टेजवर बसायचंय. मी पांढरा शर्ट इस्त्री केला. मी आणि दीप्ती बायकांच्या बाजूला मागे बसलो होतो. शेखरभाऊ बोलायला उठले. म्हणाले, दिल्लीपासून गल्लीपर्यंत नव्या पिढीचं वारं वाहतंय, आपले राष्ट्रीय नेते तरुण आहेत, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्यांनी आता मार्गदर्शकाच्या भूमिकेत जावं, असा वरून आदेश आहे. मग सूत्रसंचालकाने बाबांचं नाव घेतलं. नावाच्या आधी एक शब्द लावला. ज्येष्ठ.

बाबांनी तो ऐकलाच नाही बहुतेक. ते पटकन उठले, शर्ट खाली ओढला आणि लोकांकडे तोंड करून हात जोडले, उमेदवार जोडतो तसे. तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर शाल टाकली. नारळ दिला. त्यांच्या एका बाजूला ब्याऐंशी वर्षांचे एक स्वातंत्र्यसैनिक होते, त्यांना दोघांनी धरून उभं केलं होतं. दुसऱ्या बाजूचे आजोबा ऐकू येत नाही म्हणून सारखे "काय बोलला?" विचारत होते. मधे बाबा. त्यांना वाटलं सत्कारानंतर नाव जाहीर होईल. ते माइकजवळ थांबून राहिले. सूत्रसंचालक म्हणाला, "काका, सरका जरा, फोटो येत नाही."

तेव्हापासून ती शाल त्यांच्या अंगावर आहे. दुपारी ऊन असतं तरी काढत नाहीत. मी धुवायला मागितली तर म्हणाले, "राहू दे. म्हाताऱ्या माणसाला थंडी लागते."

पेपर वाचायचं मात्र सोडलेलं नाही. ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात. दिल्लीतल्या कोणाचा फोटो आला की आधी वय शोधतात. हा त्रेपन्नचा, याला तरुण चेहरा म्हणतात. हा अठ्ठावन्नचा, हा दुसऱ्या फळीतला, म्हणजे याची पाळी अजून यायचीय. हे एकेकाळचे तरुण तुर्क, आता धरून चालवावं लागतं तरी छापताना तुर्कच. काल मला हाक मारून म्हणाले, "वत्सला, बघ गो. दिल्लीत माणूस सत्तरीला पिकतो. तालुक्यात पन्नाशीला सडतो. आपल्या वस्तीत तं चाळिशीलाच गळतो. झाड एकच हाये ना?" मी हसले. त्यांना हसायचं नव्हतं.

हे सगळे शब्द त्यांनीच लिहिलेत रे भिंतीवर. दिल्लीच्या ज्या नेत्याला त्यांनी ऐंशी साली युवा नेते लिहिलं, त्यालाच पुढे लोकनेते लिहिलं, मग कणखर नेतृत्व लिहिलं. माणूस एकच, त्याचे शब्द बदलत गेले. बाबांच्या नावाआधी कधी काही लागलं नाही. कार्यकर्ता, एवढंच. तीस वर्षांनी पहिला शब्द लागला तो हा.

तिकीट कोणाला, ते अजून बाहेर आलेलं नाही. बाबा ओट्यावर बसून नावं घेतात. किन्हवलीचा तो असेल, नाहीतर शेणव्याचा हा. मी आत भाकरी थापत राहते.

दिवाळीत तू फोनवर जे बोललास ते मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. एवढं लिहून ठेवते.

तू शेखरभाऊंच्या जवळचा आहेस. एकदा बोलून बघ. कानाला बांध.

तुझी आई

*

सापगाव,
३ जानेवारी २००८

चि. प्रशांत,
आशीर्वाद. जयभीम.

बुधूने पत्र तुझ्या हातात दिलं, तू ते न उघडता खिशात घातलंस आणि "आईला सांग, मी मजेत आहे" म्हणालास. बुधूने मला तसंच सांगितलं. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

या वेळी खुशाली लिहीत नाही.

एक जानेवारीला बाबा भीमा कोरेगावला गेले नाहीत. तू जन्मलास त्या वर्षीही गेले होते. वस्तीतली गाडी दाराशी येऊन हॉर्न वाजवत होती. आतून म्हणाले, "ज्येष्ठांना धक्काबुक्की सोसत नाय. तुमी जा." पोरं हसली, त्यांना वाटलं पेंटर मस्करी करतोय.

ते जेवतात, पण पानात किती वाढलं ते बघत नाहीत. रात्री झोपत नाहीत. शेतातल्या फवारणीच्या औषधाची बाटली मी माळ्यावरून काढून पांडूकाकांच्या घरी नेऊन ठेवली. दीप्तीने विचारलं का, तर म्हटलं, वास येतो. दुसऱ्या दिवसापासून बाबा विहिरीवर निघाले की तीही कळशी घेऊन मागे जाते. आम्ही दोघी यावर बोलत नाही. तुला लिहिताना सुद्धा मला दुसरे शब्द सुचत नाहीत.

आता कालचं लिहिते. तू तिथेच होतास, तरी लिहिते.

पांडूकाकांच्या मनात आलं, पन्नाशीचीच अट असेल तर महेंद्र अजून पन्नाशीच्या आत आहे. कागदावरचं वय खोटं आहे. ती गोष्ट तू शंभरदा ऐकली असशील. पांडूकाकांना शाळेत घालायला नेलं तेव्हा ते एकट्याने आत जाईनात. आपल्या पोरांना तेव्हा दाराशी वेगळं बसवत, एकटं पोर भेदरलेलं. मग आजोबांनी तीन वर्षांनी लहान असलेले बाबाही बरोबर घातले. मास्तर म्हणाले, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला तर घेतो. बाबांचा लागेना. पांडूकाकांनी मागून त्यांची मान वाकडी केली आणि लावला. मास्तर हसले आणि दोघांची एकच जन्मतारीख टाकली, एक जून पंचावन्न. तेव्हापासून कागदावर दोघे जुळे. बाबा मॅट्रिकपर्यंत वर्गात सगळ्यात लहान आणि कागदावर सगळ्यांबरोबरचे.

तर पांडूकाका आजीला घेऊन एस.टी.ने मुरबाडला आले. आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही, बस लागते, पण ती म्हणाली, "माझ्या पोराचं वय मी नाय सांगनार तं कोन सांगंल?" मला घरी आल्यावर पांडूकाकांनी सगळं सांगितलं.

शेखरभाऊंनी खुर्ची दिली, आजी बसली नाही. पायरीवर बसली. जुनी सवय, आपण कितीही सांगितलं तरी जात नाही. म्हणाली, "शेखर, माझा महेंदर बावन्नचा नाय. शाळंच्या कागदाव चुकीचा लिवलाय."

शेखरभाऊ म्हणाले, "आजी, कागदावर आहे ते आहे. मी काय करू?"

"कागूद मास्तरानं लिवला. पोर मी जनलंय. गावानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, त्याच्या दुसऱ्या सालाला ह्यो झाला. म्हनून तं धम्मातला नाव महेंदर ठेवला. थोरला आदीचा, त्याचं नाव पांडू. आमच्यात नावावरनं कळतं, कोन आदीचा नि कोन नंतरचा."

तिथे बसलेले हसले. शेखरभाऊही हसले. "बरं आजी, एकोणपन्नास धरू. पण पेंटर दिसतात तर साठीचे."

"उनात भिंती रंगवून दिसंल नाय तं काय. तू किती वरसांचा रे?"

मग एकजण म्हणाला, "भाऊ सदाबहार आहेत, आजी. जिल्ह्याचे युवक अध्यक्ष आहेत."

आजी म्हणाली, "शेखर, तुझी नाळ मी कापली. तव्हा तुमचं घर आमच्या शेजारच्या गावात होतं. माझा महेंदर तव्हा दोन वरसांचा, तुमच्या अंगनाच्या भायेर उभा होता, आत घेत नव्हते म्हनून. दोनच वरसांचा फरक हाये. मंग तू जवान कसा नि माझा पोरगा म्हातारा कसा, तेवढा मला सांग. मी जाते."

शेखरभाऊ उठले. नमस्कार केला. म्हणाले, "आजी, पिढी वयावर नसते, विचारावर असते. दिल्लीत बघा, पंचावन्नच्या माणसाला तरुण नेता म्हणतात, ते काय उगाच?" आणि ड्रायव्हरला सांगितलं, यांना स्टँडवर सोड.

आजी उठता उठेना. पांडूकाकांनी तिला हात देताना दाराशी तुझ्या चपला बघितल्या. तुटलेला अंगठा त्यांनीच शिवून दिला होता, म्हणून ओळखल्या. तू आत होतास. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, आजी बोलायला लागल्यावर त्याचा आवाज कोणीतरी बारीक केला होता, असं ते म्हणाले. म्हणजे तू ऐकलंस. तरी सगळं लिहून काढलं. उद्या तू म्हणायला नको की नीट ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर पांडूकाका चुलीजवळ येऊन हळूच म्हणाले, "प्रशांत आत होता गो. भायेर आला नाय. काय भानगड हाये?" मी चुलीत लाकूड सारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि न सांगता निघून गेले. त्यांना कळलं. आजीला कळलेलं नाही. बाबांना कळलेलं नाही.

प्रशांत, तिकीट तुला आहे. हे मी पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे, आणि लिहिताना कोणाचं तरी काही चोरून घेतल्यासारखं वाटतंय.

दिवाळीत तू म्हणालास, "आई, मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्याला देतील. बाबांना तसंही देणार नव्हते." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. तुझी कंपनी बंद झाली, दोन वर्षं तू बायोडाटा घेऊन आसनगावपासून भिवंडीपर्यंत फिरलास, घरी येऊन कोणाशी न बोलता झोपायचास, ते मी पाहिलंय. तुला कोणीतरी गाडी दिली, दादा म्हटलं, तुझं नाव घेऊन घोषणा दिली, तर तुला ते नकोसं व्हावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून गप्प बसले.

आता उत्तर सुचलंय. दुसऱ्याला दिलं असतं तर बाबा चिडले असते. शिव्या दिल्या असत्या. चार दिवस पक्ष सोडला असता आणि पाचव्या दिवशी कोणीतरी चहाला बोलावलं की गेले असते. असं याआधी तीनदा झालंय. तुला दिलं तर ते कोणावर चिडणार? तुझ्यावर चिडता येत नाही आणि तुझा आनंदही करता येत नाही. माणसाने काय करावं अशा वेळी?

तू असंही म्हणाला होतास, "बाबांची पिढी नुसत्या भिंती रंगवत राहिली." मला ते लागलं होतं. मी तेरा-चौदा वर्षांची होते तेव्हा शहापूरच्या बाजारात एका भिंतीवर नामांतराची मागणी लिहिलेली पाहिली. एवढं देखणं अक्षर मी तोवर पुस्तकात सुद्धा पाहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याला पोलिसांनी आदल्या दिवशी नेलं होतं. पुढे तो मुलगा मला बघायला आला तेव्हा त्याच्या नखांत रंग होता. तीच त्यांची पिढी. नामांतराची पिढी. दिल्लीच्या पेपरात तिला नाव नाही. तिथे स्वातंत्र्यलढ्याची पिढी आहे, आणीबाणीत तुरुंगात गेलेली पिढी आहे, आणि आता एकदम नवी पिढी. बाबा पंचवीसचे होते तेव्हा शेखरभाऊंचे वडील म्हणायचे, थांब, दिल्लीत बघ, सगळे साठीच्या पुढचे आहेत, अनुभव लागतो. ते थांबले. आता म्हणतात, दिल्लीत बघ, सगळे तरुण आहेत. तेव्हाही दिल्लीच दाखवली, आताही दिल्लीच.

आणि ते दिल्लीतले तरुण बघ एकदा नीट. एकेकाच्या मागे बापाचा फोटो असतो. बापाने दिलेल्या खुर्चीवर बसलेत ते. तू बापाच्या आधी बसतोयस, आणि खुर्ची देणारा तिसराच आहे. तुला तो का देतोय, हे तुला कळत नाही असं नाही. बाबा सभेत उठून विचारतात, हा निधी कुठे गेला? तू अजून कोणाला काही विचारलेलं नाहीस.

सोमवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दुपारी तीनपर्यंत. तोवर तू नाही म्हणालास तर त्यांच्याकडे आपल्यातला दुसरा माणूस तयार नाही, असं पांडूकाका म्हणतात. बाबांना द्यावंच लागेल. नाही दिलं तरी चालेल. मला तिकीट नको आहे, प्रशांत. तू नाही म्हणालास एवढं त्यांना कळलं, तरी ते त्यावर उरलेलं आयुष्य काढतील.

हे पत्र उघड. खिशात घालू नकोस.

तुझी आई

*

सापगाव,
१० जानेवारी २००८

प्रशांत,

सोमवारी दीप्ती तहसील कचेरीसमोर उभी होती. तिने मला न सांगता परीक्षा बुडवली. दीडच्या सुमारास तुम्ही सगळे गुलाल लावून आत गेलात, ते तिने पाहिलं. तू तिला पाहिलंस की नाही ते तिला कळलं नाही. घरी येऊन तिने पायावर पाणी घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. निवडता निवडता एवढं सांगितलं.

त्या संध्याकाळी बाबांना सांगायचं असं मी ठरवलं होतं. जेवण झाल्यावर सांगू, म्हटलं. मग म्हटलं, सकाळी चहा झाल्यावर. माणूस किती कारणं काढतो. सकाळी चहा व्हायच्या आत शेखरभाऊंची दोन पोरं मोटारसायकलवर आली, चिठ्ठी घेऊन. "पेंटरकाका, नाव आलं. भिंती भरून टाका आजच्या आज."

बाबा समोरच्या शाळेच्या भिंतीपाशी उभे होते, मी मागे आपल्या दारात. त्यांनी चिठ्ठी वाचली. उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा वाचली.

एक पोरगा म्हणाला, "काय काका, घरातलीच बातमी नि तुमाला म्हाईत नाय? पेढे कधी देताय?"

बाबा म्हणाले, "देईन."

मग त्यांनी शाल काढून घडी केली, कठड्यावर ठेवली, आणि डबा उघडला. मी जागची हलले नाही. आपल्या वस्तीतली माणसं गोळा झाली होती. शेजारची हिराबाई तोंडाला पदर लावून उभी होती. बाबांनी ओळ सरळ येण्यासाठी सूत न मारताच लिहायला सुरुवात केली. प्रशांत दोंदे. हीही पाचच अक्षरं. पट्टीत बरोबर बसली. तुझ्या नावातल्या 'शा'चा काना त्यांनी असा ओढला की मला तिकडे बघवेना. त्यांच्या हातून इतकं चांगलं अक्षर मी खूप वर्षांत पाहिलं नव्हतं.

पोरगा म्हणाला, "काका, आधी युवा राहिलं."

बाबांनी ब्रश त्याच्यापुढे धरला. "तेवढा तुमी लिवा."

घरी आल्यावर त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, पुसला. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला म्हाईत होता?"

मी हो म्हटलं.

"कदी?"

"दिवाळीला."

ते "बरं" म्हणाले. आमच्या पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला असता तर मी त्यांचे पाय धरले असते. नुसतं बरं म्हणाले.

तेव्हापासून ते खळ्यावरच्या मांडवात झोपतात. माझ्या हातचं खात नाहीत, आजी थापते ती भाकरी खातात. सकाळी डबा घेऊन निघतात आणि तुझं नाव लिहीत डोळखांबपर्यंत जातात. एकही भिंत सोडलेली नाही. मागून ती पोरं वाकड्यातिकड्या अक्षरांत युवा लिहीत येतात. लोक बघायला उभे राहतात. कोणी म्हणतं, केवढं मन मोठं पेंटरचं. आता ज्येष्ठ म्हणून त्यांचा मान वाढलाय. ते सगळ्यांना हात जोडतात. मला या हात जोडण्याची भीती वाटते.

काल शेवटची भिंत झाली. संध्याकाळी ते पांडूकाकांकडे गेले आणि ओट्यावर बराच वेळ बसले. इकडचं तिकडचं बोलले. म्हशीचं, पाण्याचं. उठताना म्हणाले, "दादा, तू नि मी कागदाव जुळे हावोत ना? माझा दाखला करशील तव्हा वय खरं लिव." पांडूकाकांनी विचारलं, कसला दाखला रे? तर म्हणाले, "कंचाबी."

पांडूकाका रडत माझ्याकडे आले. मोठा माणूस, माझ्यासमोर कधी बसत सुद्धा नाही. उंबऱ्यावर बसून रडले. म्हणाले, "मी मान वाकडी केली गो त्याची. मीच केली."

काल ते आणि दीप्ती खळ्यावर बाबांच्या जवळ झोपले. थंडी आहे म्हणून शेकोटी करतो असं सांगून. आज कोण झोपणार ते ठरवायचं आहे. हे किती दिवस चालणार, प्रशांत? दावणीला जसं गुरू बांधून ठेवतात तसं माणसाला बांधून ठेवता येत नाही.

त्यात सकाळी शेखरभाऊंचा फोन आला. गोड बोलले. वहिनी म्हणाले. रविवारी तुला घेऊन येणार आहेत, फोटोग्राफर बरोबर असेल. तू बाबांच्या पाया पडायचं, बाबांनी शाल पांघरून तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा. जुन्या पिढीने नव्या पिढीच्या हाती मशाल दिली, असं पत्रकावर छापायचंय. दिल्लीच्या नेत्यांचाही असाच फोटो आलाय म्हणे, वरच्यांना आवडतं. मी म्हटलं, बाबा घरी नसतील. ते म्हणाले, "असतील हो, ज्येष्ठ माणूस जातो कुठं?"

मला आता तिकीट, गण, पिढी काही कळत नाही. तू निवडून ये नाहीतर पड. मत कोणाला द्यायचं ते मी त्या दिवशी बघेन, आणि तुला सांगणार नाही. तू त्यांच्याकडून काही हिसकावून घेतलंस असंही मी आता म्हणत नाही. तुलाही कोणीतरी मागून धरून पुढे ढकललंय, ते मला दिसतं. तू माझंच पोर आहेस.

पण रविवारी येऊ नकोस. फोटोवाल्याला घेऊन आलास तर मी दार लावून घेईन, गावासमोर.

आज ये. एकटा. गुलाल धुऊन ये. बाबा खळ्यावर असतील. त्यांच्याशी काय बोलायचं ते मला विचारू नकोस, मला सुचलं असतं तर मीच बोलले असते. नाही बोललास तरी चालेल. ते उठून गेले तर मागे जा. पुन्हा उठून गेले तर पुन्हा जा. फक्त रात्रभर त्यांच्या जवळ राहा आणि झोपू नकोस.

हे पत्र बुधूजवळ देते आहे. तो गाडीत दुसरी माणसं घेणार नाही. तू बाहेर येईपर्यंत बंगल्याच्या फाटकाशी थांबेल, मीटिंग असली तरी थांबेल, हाकललं तरी थांबेल. त्याला सांगितलंय, रिकामी गाडी घेऊन माझ्या दारात येऊ नकोस.

वत्सला महेंद्र दोंदे